तळहाताएवढ्या रबराचं गणित

१९९८ साली ‘ग्रां प्री लेजंड्स’ हा गेम बाजारात आला, तेव्हा तो हौसेने विकत घेणाऱ्या अनेकांना पहिली लॅपसुद्धा धड पुरी करता आली नाही. गेममध्ये १९६७च्या फॉर्म्युला वन हंगामातल्या गाड्या होत्या. वजन पाचशे किलोच्या आसपास, मागे तीन लिटरचं इंजिन, त्यातल्या सर्वांत जोरकस इंजिनाची ताकद चारशे अश्वशक्तीच्या घरात, आणि गाडीला जमिनीवर दाबून धरणारे पंख मुळीच नाहीत. ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला गेला की मागची चाकं जागच्या जागी फिरू लागायची आणि गाडी गर्रकन वळून आल्या वाटेकडे तोंड करून उभी राहायची. भिंतीला घासत, दुसऱ्यांना ढकलत पुढे जायची सवय असलेल्या खेळाडूंना हे जाचक वाटलं. जे टिकून राहिले ते मात्र वर्षानुवर्षं त्यातच रमले, आणि रेसिंग सिम्युलेशनचा विषय निघाला की आजही या गेमचं नाव आदराने घेतलं जातं.

चित्रांच्या बाबतीत तो आज अगदीच जुनाट दिसतो. तरीही त्यातली गाडी खरी वाटते, याचं कारण पडद्यावर शोधून सापडणार नाही. अमेरिकेतल्या पॅपिरस कंपनीत डेव्ह केमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक चाकाचा वेगळा हिशेब मांडला होता. या क्षणी कोणत्या चाकावर किती भार आहे, ते किती वेगाने फिरतंय, कोणत्या बाजूला सरकतंय, स्प्रिंग किती दबली आहे. या सगळ्याची बेरीज होऊन गाडी वळायची, घसरायची किंवा उलटायची. गाडीने कसं वागावं हे आधी ठरवून ठेवलेलं नव्हतं. ते दर क्षणी गणितातून निघत होतं. रेसिंग गेममधला खरेपणा म्हणतात तो हाच, आणि त्याचं मूळ टायर जिथे डांबराला टेकतो तिथे आहे.

ती जागा फार लहान असते. साध्या मोटारीचा प्रत्येक टायर जेमतेम तळहाताएवढ्या भागात रस्त्याला टेकतो. वेग वाढवणं, थांबणं, वळणं या तिन्ही गोष्टी त्या चार तुकड्यांच्या भरवशावर चालतात. शिवाय तिथलं रबर रस्त्याला नुसतं चिकटून बसत नाही, तर वाकतं आणि पिळलं जातं. खोडरबर टेबलावर दाबून बाजूला ढकललं तर आधी ते वाकतं, जोर वाढवला की त्याची एक कड सरकायला लागते, आणि मग सबंध खोडरबर निसटतं. वळणात टायरचं हेच होतं. स्टिअरिंग वळवलं की चाकाचं तोंड एका दिशेला असतं आणि गाडी प्रत्यक्षात किंचित वेगळ्या दिशेने जात असते. या दोन दिशांमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. टायरची बाजूची पकड या कोनातूनच येते. कोन शून्य असेल तर गाडीला वळवणारं बळ मिळत नाही.

कोन वाढत गेला की सुरुवातीला पकड भराभर वाढते, पुढे वाढीचा वेग मंदावतो, एका ठिकाणी ती कमाल होते आणि त्यानंतर उतरू लागते. रस्त्यावरच्या साध्या टायरला ही कमाल आठ-दहा अंशांच्या आसपास गाठता येते, आधुनिक रेसिंग टायरला त्याहून कमी कोनात. मातीच्या किंवा खडीच्या रस्त्यावर कोन बराच मोठा लागतो. म्हणूनच रॅलीचे ड्रायव्हर वळणात गाडी आडवी करून नेतात. दिखाऊपणाचा त्यात काही भाग नसतो. २००४ साली आलेल्या ‘रिचर्ड बर्न्स रॅली’ या गेममध्ये हा फरक इतका नेमका उतरला होता की त्यावर हौशी मंडळी अजून काम करत आहेत. त्यांनी गाड्या, रस्ते आणि गणित सुधारत नेऊन तो गेम जिवंत ठेवला आहे.

पकड मोजून मिळते, आणि ती वाटून घ्यावी लागते. एखादा टायर ब्रेक लावण्यात आपली सगळी ताकद खर्च करत असेल, तर वळण्यासाठी त्याच्याकडे काही उरत नाही. वळताना पूर्ण ताकद लागत असेल, तर ॲक्सिलरेटर दाबताच तो घसरतो. घाटात गाडी चालवायला शिकवणारा ‘वळणाआधीच वेग कमी कर’ म्हणून बजावतो, त्यामागे हेच गणित आहे. शर्यतीतला ड्रायव्हर त्याच्या पुढे जातो. तो ब्रेक दाबूनच वळणात शिरतो आणि स्टिअरिंग जसजसं वळवत नेतो, तसतसा ब्रेकवरचा पाय उचलत जातो. टायरची एका कामातून मोकळी होणारी ताकद लगेच दुसऱ्या कामाला लावायची, आणि तीही वाया जाऊ न देता. चांगलं सिम्युलेशन हा व्यवहार तंतोतंत पाळतं. कच्चा गेम ब्रेक आणि स्टिअरिंग यांचे दोन वेगळे हिशेब ठेवतो, आणि मग गाडी पूर्ण ब्रेकवरही हवी तशी वळते.

यात भर पडते ती वजनाच्या सरकण्याची. हजार किलोची गाडी घेतली, पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर धरलं आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच मानला. उभी असताना दोन्ही आसांवर पाचशे-पाचशे किलो भार आहे असं समजू. गुरुत्वाकर्षणाइतक्या जोराने ब्रेक लावला, तर मागचा दोनशे किलो भार पुढे सरकतो. पुढे सातशे, मागे तीनशे. पुढच्या टायरची पकड वाढते, मागच्याची घटते. त्यातही एक मेख आहे. भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. त्यामुळे वळणात आतल्या चाकावरचा भार बाहेरच्या चाकावर गेला की त्या जोडीची एकूण पकड घटते. शर्यतीतले मेकॅनिक स्प्रिंग आणि अँटी-रोल बार कमी-जास्त कडक करत बसतात ते यासाठीच. पुढची जोडी आधी हार मानणार की मागची, हे त्यावरून ठरतं. पुढची आधी घसरली तर गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते, त्याला अंडरस्टिअर म्हणतात. मागची आधी घसरली तर शेपूट बाहेर येतं, ते ओव्हरस्टिअर.

हे सगळं एकाच वळणात पाहायचं, तर हॉलंडमधल्या झांडफोर्ट ट्रॅकवरचं टार्झन हे वळण घ्यावं. ४ जून १९६७ रोजी जिम क्लार्कने याच ट्रॅकवर लोटस ४९ ही गाडी पहिल्यांदा शर्यतीत उतरवली आणि जिंकली. ‘ग्रां प्री लेजंड्स’मध्ये ती गाडी आहे आणि तो ट्रॅकही आहे. लांबलचक सरळ रस्त्याच्या शेवटी उजवीकडे जवळजवळ पूर्ण उलट फिरणारं हे वळण येतं. ब्रेक लागताच नाक खाली दबतं, मागचा भाग हलका होतो. पाय एकदम उचलला तर पुढच्या चाकांवरचा भार जातो आणि गाडी वळायचं नाकारते. उचलायला उशीर केला तर हलकी झालेली मागची बाजू बाहेर झुकते. नेमका वेळ साधला की गाडी चारही चाकांवर थोडी थोडी घसरत वळते. स्टिअरिंग जवळपास सरळ असतं, आणि वळण किती तीव्र करायचं हे उजवा पाय ठरवतो. ॲक्सिलरेटर थोडा सोडला तर नाक आत येतं, थोडा वाढवला तर गाडी बाहेरच्या कडेकडे सरकते. एकदम सोडला तर सगळा भार पुढे जातो, मागची पकड सुटते आणि गाडी गवतात जाऊन थांबते. त्या काळच्या गाड्या चालवण्याची रीत अशीच होती. गेमच्या कर्त्यांना ती वेगळी लिहावी लागली नाही. टायर आणि भार यांचं गणित नीट बसल्यावर ती आपोआप उमटली.

हे गणित मुळात गेमसाठी तयार झालेलंच नाही. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तंत्रविद्यापीठातले हान्स पाचेयका आणि व्होल्वो कंपनीतले अभियंते यांनी १९८७ साली एक सूत्र मांडलं. स्लिप अँगल दिला की टायर किती बळ देईल हे ते सांगतं. पदार्थविज्ञानाच्या मूळ नियमांतून ते काढलेलं नव्हतं. टायर यंत्रावर चालवून मिळालेल्या आकड्यांना हुबेहूब बसेल अशी वक्ररेषा त्यांनी शोधली. म्हणून त्याला ‘मॅजिक फॉर्म्युला’ असं नाव पडलं. मोटार कंपन्यांनी ते उचललं, आणि सिम्युलेशन लिहिणाऱ्यांनाही ते सोयीचं पडलं.

सूत्राची मर्यादा पकडीच्या कमाल बिंदूपलीकडे दिसते. टायर पूर्ण घसरत असताना त्याची मोजमापं घेणं अवघड असतं, कारण यंत्रावरचं रबर काही सेकंदांत तापतं आणि झिजतं. त्यामुळे मधल्या भागाचे आकडे भरपूर मिळतात, टोकाचे तुटपुंजे. जुन्या अनेक सिम्युलेशन गेममध्ये गाडी एका मर्यादेपर्यंत छान वागायची आणि ती ओलांडली की बर्फावर गेल्यासारखी निसटायची, सावरायला वावच नसायचा. खरी गाडी बहुतेक वेळा इतकी निर्दय नसते. तिची पकड उतरते, पण नाहीशी होत नाही, आणि निष्णात ड्रायव्हर उलटं स्टिअरिंग देऊन तिला परत आणतो. गेम जितका अवघड तितका तो खरा, हा समज त्यामुळे फसवा ठरतो. अतिअवघडपणा हासुद्धा गणितातल्या चुकीचा परिणाम असू शकतो.

त्यावर उपाय म्हणून काहींनी वक्ररेषा सोडून टायरच रचायला घेतला. केमर यांनी २००४ मध्ये जॉन हेन्री यांच्यासोबत आयरेसिंग ही कंपनी काढली. २००८ साली तिची सेवा सुरू झाली, आणि पुढच्या काळात त्यांनी रबराचं तापमान, आतला हवेचा दाब आणि टायरच्या सांगाड्याचं वाकणं यांतून पकड काढणारा नवा टायर लिहिला. जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात तयार झालेला ‘बीम एनजी ड्राइव्ह’ त्याहून वेगळ्या वाटेने गेला. तिथे सबंध गाडीच शेकडो बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या लवचिक दांड्यांची बनलेली असते. चासी पिळली जाते, चाकाचा दांडा वाकतो, आणि धडकेनंतर गाडी एका बाजूला ओढू लागते.

यासाठी संगणकाला वेळ कमी पडतो. ताशी ३०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे ८३ मीटर कापते. पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलत असेल, तर दोन चित्रांच्या मध्ये गाडी जवळपास १.४ मीटर पुढे गेलेली असते. तेवढ्या अंतरात ट्रॅकच्या कडेचा उंचवटा येऊन निघूनही जाईल. म्हणून गाडीचा हिशेब चित्राहून कितीतरी जलद चालवतात. रोमजवळच्या वॅलेलुंगा ट्रॅकवर बस्तान असलेल्या कुनोस सिम्युलात्सिओनी या इटालियन कंपनीचा ‘असेतो कोर्सा’ हे काम सेकंदाला ३३३ वेळा करतो. म्हणजे त्याच वेगाला दर २५ सेंटिमीटरवर एक नवा हिशेब.

संगणक याहून कितीतरी तोकडे असतानाही हा प्रयत्न झाला होता. १९८४ मध्ये जेफ क्रॅमंड या ब्रिटिश पदार्थविज्ञान पदवीधराने ‘रेव्ह्स’ हा फॉर्म्युला थ्रीचा गेम लिहिला, तेव्हा त्याच्यापुढे बीबीसी मायक्रो हा ३२ किलोबाइट स्मृतीचा संगणक होता. तेवढ्या जागेत त्याने सिल्व्हरस्टोनचा ट्रॅक, चढउतार आणि पंखांचा कोन बदलण्याची सोय बसवली. आपलं गणित पडताळण्यासाठी त्याने फॉर्म्युला थ्री चालवणाऱ्या डेव्हिड हंटची मदत घेतली. गाडी चालवणाऱ्यालाच विचारायचं, ही पद्धत तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

गणित कितीही नेमकं असलं तरी ते खेळणाऱ्याच्या शरीरापर्यंत पोचवायचं कसं, हा पुढचा प्रश्न. खऱ्या गाडीत ड्रायव्हरला मागची बाजू सुटतेय हे डोळ्यांआधी पाठीला आणि कमरेला कळतं. घरातल्या खुर्चीला हे सांगता येत नाही. उरतं ते स्टिअरिंग. वळणात टायरचं बळ चाकाच्या बरोबर मध्यावर लागत नाही, थोडं मागे लागतं. त्यामुळे चाक सतत सरळ होऊ पाहतं आणि तो ओढा हाताला जाणवतो. टायर कमाल पकडीजवळ आला की रस्त्याला टेकलेल्या तुकड्याचा मागचा भाग आधी सरकू लागतो, बळ मध्याकडे येतं आणि ओढा कमी होतो. म्हणजे पकड पूर्ण संपण्याआधीच स्टिअरिंग हलकं पडतं. फोर्स फीडबॅक असलेल्या स्टिअरिंगमधली मोटर हाच ओढा निर्माण करते. हाताला हलकेपणा जाणवला की अनुभवी खेळाडू स्टिअरिंग आणखी वळवत नाही. नवशिक्या नेमकं उलट करतो आणि गाडी सरळ बाहेर जाते.

पायाचंही तसंच. स्वस्त पेडल किती दाबलं गेलं एवढंच मोजतं. खऱ्या रेसिंग गाडीचं ब्रेक पेडल फारसं हलत नाही, त्याच्यावर जोर द्यावा लागतो. म्हणून लोड सेल बसवलेलं पेडल अंतराऐवजी जोर मोजतं, आणि पायाला जोर लक्षात ठेवणं अंतरापेक्षा सोपं जातं. गेमपॅडवर खेळणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या अंगठ्याखालची काडी जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर हलते. तेवढ्यातून सबंध स्टिअरिंग चालवायचं, तर गेमला मध्ये पडून हालचाल मवाळ करावी लागते. अशी मदत म्हणजे फसवणूक नव्हे. डिसेंबर १९९७ मध्ये काझुनोरी यामाउची यांचा ‘ग्रान तुरिस्मो’ प्लेस्टेशनवर आला आणि एक कोटीहून अधिक प्रतींनी खपला, आणि त्यात साध्या कंट्रोलरवरही वजनाचं सरकणं जाणवून देता आलं होतं.

ट्रॅकही आता डोळ्यांच्या अंदाजाने काढत नाहीत. लेझर यंत्राने सबंध पृष्ठभाग मोजतात आणि डांबरातले मिलिमीटरांचे उंचसखल भागसुद्धा गेममध्ये उतरवतात, कारण त्या उंचवट्यांवरच चाक क्षणभर हलकं होतं. पण ट्रॅकच नवा असेल तर? भारतातल्या पहिल्या फॉर्म्युला वन शर्यतीच्या वेळी ही वेळ आली. ग्रेटर नोएडाच्या ५.१२५ किलोमीटरच्या बुद्ध सर्किटवर ३० ऑक्टोबर २०११ रोजी ती शर्यत झाली, आणि कोडमास्टर्सचा ‘एफ वन २०११’ हा गेम सप्टेंबरमध्येच दुकानांत आला होता. मुंबई-पुण्यातली पोरं महिनाभर आधीच त्या वळणांवर ब्रेक कुठे मारायचा हे घोकत होती.

हे शिकणं खऱ्या गाडीत उपयोगी पडतं का, याचं उत्तर आता ट्रॅकवर मिळालेलं आहे. निस्सान आणि सोनी यांनी २००८ साली ‘ग्रान तुरिस्मो’च्या खेळाडूंतून ड्रायव्हर निवडण्याची स्पर्धा सुरू केली. तिचा पहिला विजेता, स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ, २०११ च्या ल मां २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात दुसरा आला. अमेरिकेतला विल्यम बायरन घरी आयरेसिंग खेळत शिकला, पंधराव्या वर्षाच्या सुमारास खऱ्या गाडीत बसला आणि त्याने २०२४ व २०२५ अशी सलग दोन वर्षं डेटोना ५०० जिंकली.

काय शिकता येत नाही, हेही दिसलं आहे. आयरेसिंगचा विजेता, फिनलंडचा ग्रेगर हुट्टू याला ‘टॉप गिअर’ मासिकाने जॉर्जियातल्या रोड अटलांटा ट्रॅकवर खऱ्या रेसिंग गाडीत बसवलं. ट्रॅक त्याला पाठ होता, ब्रेकच्या जागा अचूक होत्या, वेगही वाखाणण्यासारखा होता. पण वळणात शरीराला बसणारे हिसके आणि उकाडा यांनी त्याला उलट्या झाल्या आणि त्याला थांबावं लागलं. ‘टॉप गिअर’च्याच टीव्ही कार्यक्रमात जेरेमी क्लार्कसनने कॅलिफोर्नियातल्या लागुना सेका ट्रॅकवर होंडा एनएसएक्स आधी गेममध्ये चालवली, मग प्रत्यक्षात. प्रत्यक्षातली लॅप पंधरा सेकंदांहून अधिक मागे पडली. गेममध्ये गाडी आपटली तर पुन्हा सुरू करता येतं. कॉर्कस्क्रू या वळणावर समोरचा रस्ता जवळजवळ सहा मजले खाली उतरतो, आणि तिथे खऱ्या गाडीत पाय आपसूक ब्रेककडे जातो.

नवा गेम किती खरा आहे हे पाहायला फारसं काही लागत नाही. गाडीतल्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक मदती बंद करायच्या आणि मोकळ्या जागेत एकाच वर्तुळावर फिरत वेग हळूहळू वाढवायचा. एका टप्प्यावर स्टिअरिंग हलकं व्हायला हवं. त्याच वेगात ॲक्सिलरेटर एकदम सोडायचा. नाक वर्तुळाच्या आत यायला हवं, आणि इंजिन मागे असलेली गाडी असेल तर शेपूट सुटायला हवं. शेवटी सरळ रस्त्यावर ब्रेक पूर्ण दाबून चाकं अडकवायची आणि तशातच स्टिअरिंग एका बाजूला वळवायचं. गाडी वळता कामा नये, कारण अडकलेलं चाक दिशा देत नाही. आता ब्रेक सोडायचा. चाकं फिरू लागतात त्या क्षणी गाडीने स्टिअरिंगच्या दिशेला झटक्यात उडी घ्यायला हवी. ती घेतली नाही, तर गाडीचं चित्र कितीही देखणं असलं तरी त्या टायरचा हिशेब अर्धवट सोडलेला आहे.